चार दाती हार्ड डिस्क

आमचा दौलतअण्णा कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्या तोंडात बघतो. बैलाच्या तोंडात बघतो ते ठीक आहे, जन्मभर त्याचा धंदाच तो होता. पण फ्रीज घेताना त्यानं दार उघडून आत मान घातली आणि वास घेतला. टेबलफॅन घेताना जाळीतून बोट घालून पातं चाचपलं. त्याच्या एकुलत्या एका पोरीला, सविताला, बघायला गुलबर्ग्याचा मुलगा आला, तेव्हा चहा व्हायच्या आधीच अण्णा त्याला म्हणाला, "पावणं, जरा त्या लिंबापतोर जाऊन या बघू." पोरगा बिचारा गेला आणि आला. अण्णानं चाल बघितली, पायात दोष नाही याची खात्री केली आणि मगच पोहे आणायला सांगितले. तेच पोरगं आज त्याचा जावई आहे आणि अजूनही सासुरवाडीच्या अंगणात जरा जपूनच चालतं.

अण्णा माझा चुलत भाऊ. मी संतपूरचीच लेक. लग्न होऊन औरादला गेले आणि काही वर्षांनी नवऱ्याला घेऊन परत माहेरच्या गावातच राहायला आले. स्टँडसमोर माझं ऑनलाइनचं दुकान आहे. तिथं सगळे फॉर्म भरून मिळतात आणि सोबत बोलणी फुकट मिळतात, असं गाव म्हणतं. म्हणू द्या. ओटीपी आला की जो माणूस चष्मा शोधायला घरी जातो, त्याच्याशी गोड कसं बोलायचं ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

अण्णा हेडी होता. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. घेणारा आणि विकणारा यांच्या मधे हा बसायचा, उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव सांगायचा आणि बोटांनीच ऐकायचा. वरून बघणाऱ्याला वाटावं, दोन माणसं हातात हात घालून देवाचं नाव घेत बसलीत. देवणी बैलाचं वय तो दुरून सांगायचा. दोन दाती म्हणजे कोवळं खोंड, मग चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. गुडघ्यानं साथ सोडल्यावर बाजार सुटला, पण बोली सुटली नाही. आमच्या ग्रामपंचायतीच्या नव्या मेंबरला तो 'दोन दाती' म्हणतो आणि मेंबरला ते कौतुक वाटतं.

तर असा हा माणूस एका संध्याकाळी लातूरच्या बसमधून उतरला आणि घरी न जाता थेट माझ्या दुकानात आला. सोबत त्याची बायको, आमची पारूवैनी होती, तिला त्यानं बाकड्यावर बसवलं आणि मला विचारलं, "कमळे, गाणं साठवून ठिवायचं म्हणलं तर काय काय लागतंय?"

कुणाचं गाणं हे विचारायची गरज नव्हती. संतपुरात पारूवैनीशिवाय बारसं होत नाही. आवाज गोड आहे असं म्हणता यायचं नाही. जाड आहे, थोडा घोगराच आहे. पण तिनं पाळण्याची दोरी हातात घेऊन पहिली ओळ धरली की रडकं लेकरू गप होतं आणि बायकासुद्धा गप होतात, जे जास्त अवघड आहे. कुणाच्याही दारावरून जाताना तिचा पाळणा ऐकू आला तर माणूस न विचारता आत जातो, कारण कुणाचं तरी बारसं असणारच. आता त्याच गळ्यात गाठ झाली होती. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की ऑपरेशन लांबवता येणार नाही, गाठ श्वासनळीवर दाबायलीय. नंतर आवाज जसाच्या तसा राहील, बदलेल, की नुसता श्वासच उरेल, ते आत्ता सांगता येत नाही. आणि सविताला पाचवा महिना होता. बऱ्याच वर्षांनी, नवससायास करून दिवस गेलेले. ते लेकरू जन्माला येईल तेव्हा त्याच्या आजीला पाळणा म्हणता येईल की नाही, एवढी एकच गोष्ट अण्णा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर घेऊन आला होता.

मी म्हणाले, फोनवर घेऊ की. अण्णानं फोनकडे असं बघितलं जसं लंगड्या बैलाकडे बघतात. सविताच्या लग्नाचे सगळे फोटो त्याच्या फोनमधे होते आणि फोन म्हशीच्या हौदात पडला होता. तेव्हापासून त्याचा फोनवर काडीचा भरवसा नाही. "जे खिशात राहतंय ते पडतंय," म्हणाला, "मला गोठ्यात बांधून ठिवता येईल असं सांग."

मला रेकॉर्डिंग थोडंफार येतं. आमच्या गावच्या घंटागाडीवर ओला कचरा, सुका कचरा म्हणत जो आवाज फिरतो, तो माझा आहे. तेव्हा काम माझ्याकडेच आलं. सविता कडगंचीच्या विद्यापीठात शिकत होती तेव्हाचा तिचा लॅपटॉप ट्रंकेत पडला होता, तो काढला. जावयानं गुलबर्ग्याहून चांगला माईक पाठवला. लॅपटॉप चालू केला तर त्यातून टकटक, टकटक आवाज यायला लागला, आणि मधेच सगळं जागच्या जागी थांबलं. मी सांगितलं, बाकी सगळं धड आहे, हार्ड डिस्क जायच्या वाटेवर आहे, ती बदलावी लागेल. हार्ड डिस्क म्हणजे काय, हे अण्णानं मला विचारलं. मी म्हणाले, लॅपटॉपला जे जे आठवतं ते सगळं तिच्यात असतं.

"म्हणजे पारूचा आवाज हिच्यात राहणार," अण्णा म्हणाला. "मग हे जनावर बघूनच घ्यावं लागंल."

इथून माझ्या कर्माला सुरुवात झाली. पुढचे काही दिवस अण्णानं गावात ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याची हार्ड डिस्क किती वर्षं टिकली, कशानं गेली, जाताना काही लक्षणं दाखवली का, याची चौकशी केली. बँकेतल्या साहेबांना काउंटरवरून हाक मारून विचारलं. शेवटी ऑपरेशनची तारीख जवळ आली, तेव्हा मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याला बिदरला घेऊन गेले.

दुकानदारानं दोन प्रकार पुढं ठेवले. एक जुन्या धाटणीची, आत तबकडी फिरते ती. दुसरी एसएसडी, तिच्यात काहीच हलत नाही, सगळं चिपांवर. मी म्हणाले, ही दुसरी द्या, गाण्याला हीच पाहिजे, निघू आपण. अण्णा खुर्ची ओढून बसला. ज्यानं बैल बघण्यात दिवस दिवस घातलेत, तो निघतो होय?

त्यानं एसएसडी हातावर तोलली. हलकी निघाली, ते पटलं नाही. कानाला लावली, लॅपटॉपला जोडायला लावून परत कान लावला. मग दुकानदाराला दखनीत म्हणाला, "भाई, ये तो साँस नै लेरी." दुकानदार म्हणाला, चाचा, यही तो इसकी खूबी है. अण्णानं मान हलवली. मुकं जनावर आजारी असतं, हे त्याला बापानं शिकवलेलं. त्यात ही कोरी करकरीत, डब्यातून काढलेली. नवं खोंड दिसायला कितीही देखणं असलं तरी औताला धरेपर्यंत ते चालतंय का मधेच बसतंय ते कुणालाच कळत नाही. शिकलेलं, मुरलेलं, कामात असलेलं काही आहे का?

होतं. कुठल्याशा ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून काढलेली, चार वर्षं वापरलेली, तबकडीवाली. जोडली तशी घुर्र करून फिरायला लागली. अण्णाचा चेहरा उजळला. "चार दाती," म्हणाला, "भर उमेदीत हाय. हे जितं हाय बघ कमळे."

मी तिथंच, भर दुकानात, त्याला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. गाणं रेकॉर्ड करताना वेग लागतो, शांतता लागते, ही जुनी जनावरं दोन्हींत मार खातात, हे मी मराठीत सांगितलं, कन्नडात सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू फॉर्म भर." मग त्यानं उपरणं काढलं, दुकानदाराचा हात धरला आणि खाली घेतला. दुकानदाराला आधी कळेना, मग गुदगुल्या झाल्या, मग तो हसत हसत कबूल झाला. काय भावानं, ते मला आजही माहीत नाही, उपरणं त्यासाठीच तर असतं.

घरी आल्यावर वैनीनं त्या हार्ड डिस्कला उंबऱ्यातच हळदकुंकू लावलं आणि अण्णानं काळा दोरा बांधला. नव्या जनावराला बांधतात तसाच. तो दोरा सोडल्याशिवाय ती लॅपटॉपमधे बसेना, म्हणून मी सोडला, तर त्यानं तो लॅपटॉपच्या कानाला म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्याला परत बांधला.

मग शांततेची मोहीम निघाली. मधल्या खोलीच्या भिंतींवर वाकळा टांगल्या. शेळ्या पाहुण्यांकडे गेल्या. घड्याळातला सेल काढला. गिरणीवाल्याला सांगून त्याचं दळण दुपारभर बंद ठेवलं. तो तयार नव्हता, तर अण्णा गिरणीच्या दारात जाऊन बसला आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला मोठ्यानं सांगायला लागला, की पीठ जरा जाड यायलंय. गिरणी बंद झाली.

वैनीचा गळा दुखायला नको, म्हणून आधी अण्णाच माईकपुढं बसला. त्याला गाता येत नाही. त्यानं आपल्या जुन्या बैलजोड्यांना हाका मारल्या, एकेक नाव घेऊन, लाडानं. मी हेडफोन त्याच्या कानाला लावला आणि चालू केलं. घुर्र, घुर्र, घुर्र, आणि त्याच्या पलीकडे कुठंतरी अण्णा. त्यात भर म्हणजे डिस्क एवढी दमलेली, की तिला आवाज पुरा लिहिता येईना. मधेमधे बैलांच्या नावातली अक्षरं गायब. अण्णानं पंख्याकडे बघितलं, तो बंद होता. आपल्या पोटाला हात लावला. मग वाकून लॅपटॉपला कान लावला.

मी तुला सांगितलं होतं, असं म्हणायची माझी वेळ होती आणि मी ती सोडली नाही.

अण्णा चिडला नाही. "दम लागलाय हिला," एवढंच म्हणाला. "मी घाई केली. पारूचा आवाज हिच्या पाठीवर टाकलो असतो तर वाटंतच सांडली असती." त्याला हरल्यासारखं झालेलं दिसत होतं आणि ते माझ्याच्यानं बघवेना. पण हा माणूस हरून बसणाऱ्यातला नाही. बाजारचा नियम असा, की घरी नेल्यावर खोड निघाली तर पुढच्या बाजाराच्या आत जनावर परत करता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डिस्क उपरण्यात गुंडाळून तो एकटाच बिदरला गेला.

पुढचं मला त्या दुकानदारानंच फोनवर सांगितलं. जुना माल परत घेत नाही, असं तो म्हणाला. अण्णा बरं म्हणाला आणि दुकानाच्या पायरीवर बसला. येईल त्या गिऱ्हाइकाला मराठीत, कन्नडात, दखनीत सांगायला लागला, की घेताना कान लावून घ्या, आतून दम लागलेला असतो, मी फसलोय तसं तुम्ही फसू नका. कुणाचीही बदनामी नाही, तोंडात शिवी नाही, नुसता मोलाचा सल्ला. दुपार व्हायच्या आत दुकानदारानं जुनी डिस्क ठेवून घेतली, वरचे पैसे घेतले आणि एसएसडी दिली. फोन ठेवताना मला म्हणाला, अम्मा, इनको फिर मत भेजो.

एसएसडी बसवली. अण्णानं परत बैलांना हाका मारल्या, परत हेडफोन लावला. आधी काहीच ऐकू येईना आणि तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मग त्याचा स्वतःचा आवाज आला, स्वच्छ, एकटा. त्यानं डोळे मिटले. ऐकून झाल्यावर हेडफोन काढला आणि म्हणाला, "मुकी न्हाई ही. ऐकून घ्यायलीय." एवढं बोलून त्यानं तिला नापसंत करणं सोडलं.

ऑपरेशनला वैनी निघायची होती त्याच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही तिघं मधल्या खोलीत बसलो. दारं लावलेली, वाकळांमुळे उकडत होतं. दोरी हातात असल्याशिवाय वैनीला पाळणा सुचत नाही, म्हणून अण्णानं सविताचा जुना लाकडी पाळणा आढ्याला टांगला होता. वैनीनं आधी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात म्हणायची गाणी म्हटली. सगळी छान आली. मग तिनं पाळण्याची दोरी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

रिकामा पाळणा हलवू नये, ती म्हणाली. आमच्याकडे हे सगळेच पाळतात. रिकाम्या पाळण्याला झोका दिला तर येणाऱ्या लेकराला बाधतं. आणि त्याच्यापुढं गाणं म्हणणं तर फारच झालं.

मला आधीच उकडत होतं. हे सगळे मनाचे खेळ आहेत, असं मी तिला सुनावलं. वैनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "सविताच्या पोटातल्याला काय झालं तर तुजी मशीन दुसरं दील का?"

अण्णा उठला आणि आतून वरवंटा आणला, झबल्यात गुंडाळून. बारशात लेकराच्या आधी वरवंटाच पाळण्यात घालतात, तेव्हा ही तोड काही वाईट नव्हती. वैनीनं मान हलवली. वरवंट्याच्या मागं लेकरू असावं लागतं, म्हणाली. ते नसलं तर तो नुसता दगड.

दिवस उतरायला लागला होता. सकाळी त्यांना गाडी होती. इतके दिवस केलेलं सगळं एका दोरीपाशी येऊन अडलं होतं, आणि वैनीवर जबरदस्ती करायची आमच्यापैकी कुणाची हिंमत नव्हती. अण्णानं पाळण्यातून वरवंटा काढून बाजूला ठेवला. मग गुडघे धरत पाळण्याच्या पायथ्याशी खाली बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "रिकामा कामून म्हणतीस? आपल्या थोरल्याचा म्हणायचा राहिलाय की."



सविताच्या आधी, कितीतरी वर्षं आधी, त्यांना एक मुलगा झाला होता. मी तेव्हा परकरी पोर होते. बाराव्या दिवसाची तयारी चालली होती, अण्णा बारशाच्या खर्चासाठी बैलजोडी विकायला हाळीच्या बाजारात गेला होता, आणि बाराव्या दिवसाच्या आधीच लेकरू गेलं. तो परत आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्यानंतर त्या घरात त्या मुलाचं नाव निघालं नाही, कारण नाव ठेवलंच नव्हतं. सवितालासुद्धा हे कुणी सांगितलेलं नाही. मी स्वतः विसरून गेले होते, हे सांगताना मला लाज वाटते.

वैनीनं दोरी उचलली. मला खूण करायचंही सुचलं नाही, बरं झालं, रेकॉर्डिंग चालूच होतं. तिनं पाळणा धरला. गाठीमुळे वरच्या सुरात श्वास पुरत नव्हता, तिथं ती थांबायची आणि परत धरायची. बारशाच्या पाळण्यात नाव घ्यायची जागा येते, तिथं ती नुसतं गुणगुणली. अण्णा दर झोक्याला पाळण्याच्या कडेला हात लावत होता, जास्त लांब जाऊ नये म्हणून.

शेवटची ओळ झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "आता सविताच्या लेकराचा घे. मामा बसलाय पाळण्यात, रिकामा न्हाई आता." आणि हा दुसरा तिनं असा म्हटला, की गळ्यात काही आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये.

दोन्ही साठवायचे होते. लॅपटॉप नाव विचारतो, त्याशिवाय साठवत नाही. दुसऱ्याला मी 'सविताचं बाळ' लिहिलं. पहिल्यापाशी माझी बोटं थांबली. अण्णाला विचारलं, ह्याला काय लिहू?

"आत्या हाईस न्हवं तू," तो म्हणाला. "नाव आत्यानंच ठिवायचं असतंय." त्याला सख्खी बहीण नाही, तेव्हा मीच आत्या, ते खरंच होतं. मी म्हणाले, ठेवते, पण तू तेव्हा मनात काही धरलं होतंस का? अण्णानं उपरण्याचं टोक बोटांभोवती गुंडाळलं, सोडलं.

"मल्हारी," म्हणाला. "बाजाराच्या वाटंवर ठरवलो होतो."

वैनी त्याच्याकडे वळली. "मला कवा बोललाव न्हाई," ती म्हणाली. मग तिला रडू आलं, मलाही आलं, आणि तशीच मी ती अक्षरं एकेक करून लिहिली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. गल्लीतली रत्नाबाई होती. वाकळांतूनसुद्धा पाळणा बाहेर गेला होता आणि ऐकून ती हातातलं काम टाकून आली होती. अण्णानं दार उघडलं.

"दौलतअण्णा, कुणाचं बारसं व्हायलंय?" तिनं विचारलं.

"आमच्या थोरल्याचं," अण्णा म्हणाला आणि तिला आत यायला वाट करून दिली.